खोक्यातला लिलाव

थंडीचे वारे सुटले की बोई मासळी येते, आणि बोई आली की तैवानच्या या नैर्ऋत्येकडच्या बंदरात कुणालाच बसायला फुरसत नसते. पोटातल्या अंड्यांनी, गाभोळीने, फुगलेली मासळी पहाटे होड्यांतून उतरते, तराजूवर चढते, आणि तिचं वजन लिलावघरातल्या मोठ्या पाटीवर उजळतं. तराजूपासून पाटीपर्यंतची ती वाट मेइयिन सांभाळायची. ती होडीवाल्याची लेक. मच्छीमार संघातली कॉम्प्युटरची कामं करता करता शिकली. बंदराचं यंत्र बंदराच्याच माणसाने सांभाळावं, हा तिचा हट्ट होता.

त्या वर्षी जुना सर्व्हर थकला. बोई यायच्या आत नवा प्रोग्राम बसवायचा होता. पण तो चालू लिलावावरच आजमावायचा म्हणजे भर समुद्रात होडीचा तळ बदलायचा. म्हणून मेइयिनने एकाच कॉम्प्युटरच्या पोटात तीन आभासी यंत्रं उभी केली. एक तराजूचं सोंग घेणारं, एक हिशेबाचं, एक पाटीचं. त्यांना जोडणारं नेटवर्कही आभासीच, कुठे तार म्हणून नाही.

चूक एकच झाली, पण भर बाजारात झाली. आतलं नेटवर्क तिने ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेलं राहू दिलं. आतलं हिशेबाचं यंत्र स्वतःला मालक समजून बाहेरच्या खऱ्या तराजूंनाही नेटवर्कवरचे चुकीचे पत्ते वाटत सुटलं. तराजू वाट चुकले, पाटी काळी पडली. लिलाव पुकारणारे म्हातारे थिएनफू काका पुठ्ठ्यावर वजनं लिहीत घसा फोडत राहिले.

मॅनेजर च्युआंगनी सांगून टाकलं, काम शहरातल्या लोकांना देऊ, तू आता यंत्रांना हात लावू नकोस. मेइयिनने एक संधी मागितली. च्युआंग नाही म्हणणार, तेवढ्यात काका मध्ये पडले.

"मशीनवर हिरवा पुडा ठेवला होतास ना?" त्यांनी विचारलं. मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा डोक्यावर असला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल.

"ठेवला होता, काका."

"यंत्रं तीन अन् पुडा एक? मग रुसणारच की बाकीची दोघं."

"पुड्याचा दोष नाही, काका. दार मीच उघडं ठेवलं."

काकांना ते उत्तर आवडलं. त्यांनी अट घातली, चाचणी माझा लिलाव चालू असतानाच करायची. पाटी पुन्हा विझली, तर शहरातल्यांना मीच बोलावणं धाडीन.

मेइयिनने नेटवर्क नव्याने मांडलं. या वेळी बाहेरचं दार ठेवलंच नाही. तिघं आपसात बोलतील, पण चकार शब्द भिंतीपलीकडे जाणार नाही.

पहाटे लिलावघरात खेकडे आणि कोळंबी तराजूवर चढू लागली, आणि त्याच वेळी कॉम्प्युटरच्या खोक्यात खोट्या बोईचा लिलाव सुरू झाला. काका पुकारता पुकारता पाटीकडे बघत होते. पाटी स्थिर होती. च्युआंग सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच आतला बिघाड बाहेर पोचतो का ते बघायला मेइयिनने खोक्यातलं हिशेबाचं यंत्र मुद्दाम बंद पाडलं. तिच्या पडद्यावरची लुटुपुटूची पाटी काळी पडली. ती दिसताच काकांनी पुकारणं थांबवलं. त्यांनी मान वर केली.

मोठी पाटी जशीच्या तशी उजळलेली होती. खेकड्यांचं वजन नुकतंच उमटलं होतं.

मेइयिनने पडलेलं यंत्र उठवलं. खोट्या बोईचं एकही वजन हरवलं नव्हतं. च्युआंगनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

बाजार उठल्यावर काका दुकानातून तीन हिरवे पुडे घेऊन आले आणि त्या एका कॉम्प्युटरवर ओळीने मांडून म्हणाले, "प्रत्येकाचा मान वेगळा."

आठवड्याने बोई आली. नव्या प्रोग्रामने पहिलं वजन पाटीवर चढवलं, तेव्हा मेइयिनचे वडील होडीवर उभे होते. शेजारच्या होडीतून कुणीतरी विचारलं, शहरातली माणसं कधी आली होती? त्यांनी जाळं गोळा करता करता लिलावघराकडे बोट दाखवलं आणि ताठ मानेने सांगितलं, "शहरातली कशाला? माझी लेक आहे तिथे."