शेवटच्या बांधीचा पाणकर

"हे पोट्टी पुण्यात का करन? तोंड त उघडत नाही."

कोहमाऱ्याच्या फाट्यावर, ढाब्यासमोर आम्ही नागपूरच्या बसची वाट पाहत होतो. शेजारच्या मैनाकाकू आईच्या कानात बोलल्या होत्या, पण त्यांचं कानातलं बोलणं ट्रकच्या हॉर्नवरही ऐकू जातं. मी बॅगेची चेन उघडबंद करत राहिले. उत्तर बाबांनी दिलं, "तोंड नाही उघडत, डोरे त उघडे ठेवते न."

त्याला चार वर्षं झाली. पुण्यात मी एका लहानशा ऑफिसात नद्यांच्या खोऱ्यांचे नकाशे करते. पाऊस कमी झाला तर कोणत्या गावाला किती पाणी, याचे आराखडे. बहुतेक काम ईमेलवर भागतं, ते मला बरं पडतं. "काऊन" म्हटलं की फ्लॅटमधल्या मुली हसतात, म्हणून मी "का" म्हणते. कुकरमध्ये तांदूळ मात्र अजून आमच्याच बांधीतला, गावच्या धानाच्या शेतातला असतो. मी मजेत आहे असं आईला फोनवर सांगते, तेव्हा ते खोटं नसतं.

बाबा गावचे पाणकर. तलावाचं पाणी पाटाने कोणाच्या बांधीत कधी सोडायचं, ते बाबा पाहतात. मला त्याची लाज वाटायची. गोंदियाच्या इंग्रजी शाळेत मी फॉर्मवर नुसतं "फार्मर" लिहायचे. रागही यायचा. पाणी वाटणारे बाबा, आणि आमची बांधी पाटाच्या अगदी टोकाला, सगळ्यांत शेवटी भिजणारी. एकदा तसं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणूनच त मले पाणकर केलं." तेव्हा कळलं नाही. विचारलंही नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या सरांबरोबर सडक अर्जुनीला गेले. नदीकाठच्या सात गावांची बैठक होती; उन्हाळी धानाच्या पाण्याचा आराखडा त्याच दिवशी पक्का व्हायचा होता. आमचं गाव त्यांत नव्हतं, त्यामुळे गप्प बसायला मला कारणही होतं. प्रोजेक्टर सांभाळत मी मागे बसले.

वरच्या गावचे सरपंच म्हणाले, "बंधाऱ्याचं गेट आमच्या गावात, त चावी आमच्याजवर."

सरांनी मान डोलावली आणि लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात शेवटच्या गावचे एक म्हातारे काका उठले. पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग आमाले पानी हितंच दाखवत जा. निरं निरं मस्त दिसून राहिलं."

सभागृह हसलं. मला हसू आलं नाही. तो निळा रंग मीच भरला होता. सातही गावांचे वाटे मी बरोबर काढले होते, दोनदा तपासले होते. गेट कोण उघडणार, हे मात्र माझ्या नकाशात कुठेच नव्हतं. आणि मला एकदम पाटाच्या टोकाशी, कोरड्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर उभे असलेले बाबा दिसले. पाणी वरून सगळ्यांना भिजवत आपल्यापर्यंत येतंय का, ते पाहत.

आता घर म्हटलं की मला तो धुराच आठवतो.

मी उभी राहिले. आवाज आला तो पुण्याचा नव्हता, शाळेतलाही नव्हता.

"चावी शेवटच्या गावाजवर ठेवा, सरपंचकाका. त्याइच्या बांधीत पानी आलं, म्हणजे सगळ्याइच्या बांधीत आलं."