गाडीच्या नंबरचा पोर्ट

आमच्या खत-बियाण्यांच्या दुकानाचा सर्व्हर शिवाजी पेठेत आणि मी हातकणंगल्याच्या शाखेत. शाखेतून सर्व्हरपर्यंत पोचायला पोर्ट लागतो, म्हणजे आत शिरायच्या दाराचा नंबर. तो पेठेत सर्व्हर सांभाळणारा आमचा गृहस्थ ठरवायचा. कागदावर काही लिहायचं नाही, हा त्याचा हट्ट. विचारलं की कपाळावर बोट आपटायचा, "हितं हाय की!"

एका सोमवारी सकाळी आमचा कॉम्प्युटर सर्व्हरला लागेना. युरियासाठी दारात रांग, शिव्या मला. मी फोनवर ओरडलो, "काल चालू होतं, आज काय झालं?"

"पोर्ट बदललाय. अवो सायेब, गाडी इकली की!"

"गाडीचा काय संबंध?"

"तिचाच नंबर ठेवलता. आता दुसराच कोणतरी ती घिऊन गावभर फिरणार. आपलं दार त्याच्या बुडाखाली ठेवू व्हय?"

"बरं, नवा नंबर सांगा."

"फोनवर? छ्या! कोणतरी ऐकंल. म्या येतो की."

दुपारी आला, नव्या गाडीचे पेढे घेऊन. रांग कधीच पांगली होती. पेढा हातात तसाच धरून मी बाहेर गेलो. फोनवर सांगायला नको असलेला नंबर गाडीच्या पुढे-मागे ठळक रंगवून, तो पेठेपासून हातकणंगल्यापर्यंत मिरवत आला होता.