पहिला थेंब पंचफुलेला

आमचे भाऊजी सुखदेव नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात पेले भरून भरून म्हातारे झाले आणि मग सौंसरला, आपल्या संत्र्याच्या बागेत परत आले. येताना आणलं काय, तर काचेचे उंच पेले आणि एक विद्या. घरात काही शुभकार्य निघालं, की साहेबलोकांसारखं शॅम्पेनचं कॉकटेल करायचं. लोकांच्या घरी मांडे होतात, यांच्या घरी हे. गावात नावं ठेवणारे खूप होते, आणि तेच संध्याकाळी सगळ्यांत आधी ओसरीवर हजर.

बाटली नाशिककडची. तिला शॅम्पेनच म्हणायचं, असं घरात ठरलेलं होतं. साखरेचे चौकोनी खडे इथे मिळत नाहीत, म्हणून देवासमोरची खडीसाखर. खड्यावर कडू अर्काचे थेंब, वर जराशी ब्रँडी, मग पेला तिरपा धरून हळूहळू बाटली ओतायची. शेवटी आपल्याच झाडाच्या संत्र्याची साल पेल्यावर पिळायची, म्हणजे सालीतलं तेल उडून वर तरंगतं. बूच काढताना बार उडावा अशी पाहुण्यांची फार इच्छा असे. भाऊजींना तो गावंढळपणा वाटायचा. त्यांच्या हातात बूच फुस्स करून निघायचं आणि पोरं हिरमुसायची.

माझी मोठी बहीण पंचफुला ही त्यांची बायको. तिने त्यातला घोट कधी घेतला नाही. तरी पहिला पेला तिच्याच हातात जायचा. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बाजेवर बसायची, पेल्यात बोट बुडवायची आणि थेंब जमिनीवर उडवायची. आमच्याकडे पिणारा आधी मातीला देतो, मग स्वतः घेतो. ती म्हणायची, "पयले गेलेल्याइले, मंग आपल्याले."

भाऊजी दरवेळी चिडायचे. "अवं, बोट नोको घालू त्याच्यात! फुगे मरतेत!"

"मरू द्या. तुमचे फुगे मोठे का माहे सासू-सासरे मोठे?"

मग भाऊजी मुकाट दुसरा पेला भरायला घ्यायचे.

मागच्या वर्षी कपाशीच्या वेचणीत तिला ताप आला आणि आठवडाही न काढता ती गेली. भाऊजी रडले नाहीत. तेरवीलाही नाही. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की पडायचे. मोटर लावा म्हटलं तर बागेला पाणी, नाही म्हटलं तर बाग कोरडी. तोंडात एकच शब्द, "हो." त्यांच्या आत काही हलतच नव्हतं, आणि मला त्याचा संताप यायचा. माझी बहीण काय कुंडीतलं रोप होती, वाळलं की कुंडी रिकामी? एकदा मी तोंडावरच म्हटलं, "भाऊजी, तिचं नाव तरी घ्या एकदा."

"हो," म्हणाले. नाव घेतलं नाही.

तशात त्यांच्या एकुलत्या मुलीचं, चंचलचं लग्न ठरलं. मुलगा पांढुर्ण्याचा, राहुल. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली, आणि ही पोरगी अडून बसली. "मावशी, बाबा आपल्या मनानं एक शब्द बोलले ना, तं मी जाईन. न्हाई तं कोनाच्या भरोशावर सोडू यायले? मी राहुलले सांगून ठेवलं, आदल्या संध्याकाळी हो का न्हाई ते कळवीन म्हनून."

तिकडे राहुलच्या आईचा पारा चढलेला. मी म्हटलं, मग बाबांना कॉकटेल करायला लाव. कशाने उघडायचं असेल हे माणूस, तर त्यानेच.

"बाबा, करान का?"

"हो."

साक्षगंधाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरचीच माणसं ओसरीवर बसलो. भाऊजींनी पेले पुसले, खडीसाखर टाकली, अर्क टाकला. हातांना सगळं पाठ होतं. चेहरा मात्र बंद दुकानासारखा. चंचल त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मी चंचलकडे. बूच फुस्स करून निघालं. पहिला पेला भरला, साल पिळली, आणि सवयीने त्यांचा हात पेला घेऊन बाजेकडे गेला.

बाज रिकामी होती. हात तसाच पुढे राहिला.

मग भाऊजींनी पेला जवळ घेतला आणि स्वतःचं बोट त्यात बुडवलं. जन्मभर ज्या गोष्टीवरून बायकोवर चिडले, तीच.

"पयले..." म्हणाले आणि थांबले. गेलेल्यांत आता कोण आहे, हे त्यांना बहुतेक त्याच क्षणी कळलं.

"पयले पंचफुलेले," ते म्हणाले, आणि थेंब बाजेखालच्या जमिनीवर उडवला.

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

डोळे कोरडेच होते. पेला त्यांनी चंचलच्या हातात दिला. "घे माय. फुगे मेले याच्यातले. तसंच पे."

चंचलने तो एका दमात संपवला. तोंड पुसलं, मोबाइल घेऊन अंगणात गेली आणि राहुलला म्हणाली, "उद्या या सगळे."