डब्यातलं चौथं टोक

उल्हास देवस्थळींचा कुणावरच विश्वास नव्हता. त्यात कुणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कारण ते भेदभाव करत नसत. कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचा त्रिकोणी गोळा आणला की त्यात मासा नाही ना, हे ते माझ्याकडून वाचून घेत. मग तेच पाकीट टायपिस्ट मोरी-सानकडे नेऊन मी बरोबर वाचलंय का, हे विचारत. माझ्या देखत! मी पुण्यात चार परीक्षा देऊन जपानी शिकले होते, दुभाषी म्हणून नोकरीला लागले होते, आणि माझी अक्षरओळख रोज दुपारी मोरी-सान तपासायच्या.

२०१३ साली आमच्या मुंबईच्या व्यापारी कंपनीने त्यांना योकोहामाला पाठवलं. त्याआधी ते पोलादी नळ्यांच्या खात्यात होते. इथे आल्यावर त्यांच्या टेबलावर आला खेळाच्या सामानाचा व्यवहार, आणि त्यात शिकारी बाणांची टोकं. ब्रॉडहेड म्हणतात त्यांना. तीन पात्यांचं, बोटभर लांबीचं, वस्तऱ्यासारख्या धारेचं टोक. जपानमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे, पण इथले कारागीर पाती अशी बनवतात की अमेरिकेतले शिकारी त्यासाठी थांबून राहतात. म्हणजे ज्या माणसाने उभ्या जन्मात अंडं फोडलं नव्हतं, त्याने हरणं मारायची हत्यारं निवडायची होती.

मला हसू आलं होतं, पण त्यांनी ते काम फार गंभीरपणे घेतलं. तीन कारखान्यांचे नमुने मागवले. उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी पाती त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला सारली. "जी गोष्ट ऐन वेळी उघडायची असते, ती ऐन वेळीच अडकते," असं त्यांचं म्हणणं. उरलेली त्यांनी रबरबँडवर तपासली. रबर बोटांत सैलसर धरायचं आणि पातं त्यावरून नुसतं फिरवायचं. चांगली धार असली तर रबर तुटल्याचं कळतही नाही. धार कमी असली तर ते आधी ताणलं जातं, खेचलं जातं.

"बोथट पात्याने जनावर मरत नाही गं," ते मला म्हणाले. "जखम घेऊन पळतं आणि रानात कुठेतरी तडफडत पडतं. मारायचंच असेल तर निदान झटकन मरू दे." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका कळवळलेला होता की त्या दिवशी मी त्यांना मोरी-सानबद्दल माफ करून टाकलं.

त्यांनी निवडली कान्नो-सानची पाती. कान्नो-सान फुकुशिमाच्या आतल्या डोंगरी भागातले, समुद्रापासून खूप लांब. त्यांच्या शेडमध्ये ते आणि एक जुना कामगार, एवढाच कारखाना. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात किनाऱ्यावरची अणुभट्टी फुटली, तरी त्यांच्या गावात काहीच बिघडलं नव्हतं, पण पत्त्यात फुकुशिमा होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. जुनी गिऱ्हाइकं कारण न सांगता एकेक करून गेली होती. आमची ऑर्डर होती म्हणून शेड चालू होती. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पहिला मोठा माल आला. उल्हास-सान रबरबँडचा गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या डब्यात चार टोकं होती. तीन धारदार, चौथं ठार बोथट. दुसऱ्या डब्यातही तसंच, तिसऱ्यातही तसंच.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले.

"पण प्रत्येक डब्यात बरोब्बर एकच?" मी म्हटलं. "चूक असती तर कुठे दोन, कुठे एकही नाही, असं झालं असतं."

"तेच तर म्हणतोय मी. चूक नाहीच ही. तांदळात खडे मिसळतात ना, तसं केलंय. आणि याला मी स्वतः निवडलं होतं, शैलजा!" त्यांचा आवाज चिरकला. ज्याने आयुष्यात एकदाच कुणावर विश्वास टाकला, त्याला फसवलं गेल्याचा राग जास्त येत असावा.

बोलावणं गेल्यावर कान्नो-सान दुसऱ्याच दिवशी योकोहामाला आले. स्वच्छ पण जुना कोट, हातात मिठाईचा डबा. उल्हास-सानची नजर आधी त्या डब्यावर गेली. "लाच," ते मराठीत पुटपुटले. मी ते भाषांतर केलं नाही.

"विचार त्यांना, ही बोथट टोकं चुकून आली की ठरवून घातली?"

मी विचारलं. कान्नो-सान काही क्षण आमच्याकडे बघत राहिले. आधी त्यांना काही कळलं नाही असं वाटलं, मग काहीतरी कळल्यासारखा त्यांचा चेहरा शांत झाला.

"ठरवून घातली," ते म्हणाले आणि कमरेत पार खाली वाकले. "आपल्याला त्रास झाला. क्षमा असावी."

"का घातली, ते विचारते मी," मी म्हटलं.

"काही गरज नाही. कबूल केलं ना? कारणं काय, सगळ्यांकडे असतात."

"उल्हास-सान, इथे माणसं आधी माफी मागतात. चूक असो वा नसो."

"ठरवून घातली म्हणाले की नाही? का तू चुकीचं सांगितलंस?"

 त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती. कान्नो-सानची ऑर्डर मात्र त्याच संध्याकाळी गेली. ती दुसऱ्या कारखान्याला दिली, आणि त्यांना बजावून सांगितलं की प्रत्येक टोक धारदार हवं.

हंगामाच्या तोंडावर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. माल उत्तम आहे, पण डब्यातलं सरावाचं टोक कुठे गेलं?

"कुठलं सरावाचं टोक?" उल्हास-सान म्हणाले.

मग उलगडा झाला. शिकाऱ्याला आधी सराव करायचा असतो. धारदार टोकांनी केला तर त्यांची धार जाते. म्हणून डब्यात त्याच वजनाचं, त्याच आकाराचं एक बोथट टोक घालतात. उल्हास-सानच्या आणि माझ्याही आधी त्या टेबलावर शिरीष होता. हे गिऱ्हाईक त्याच्याबरोबर कारखाने बघत फिरताना कान्नो-सानच्या शेडवरही जाऊन आलं होतं, तेव्हा शिरीषनेच तोंडी सांगितलं होतं, डब्यात चौथं बोथट घाला. सांगून तो मुंबईला परतला होता.

उल्हास-सानने फोन ठेवला. "आपणच मागितलं होतं," ते म्हणाले. "आपणच."

त्याच आठवड्यात आम्ही दोघं शिंकानसेन या वेगवान गाडीने निघालो, पुढे बसने गेलो. कान्नो-सान शेडच्या दाराशी उभे होते. उल्हास-सान त्यांच्यापुढे वाकले, न शिकवता, अगदी पुरते वाकले. मग मला म्हणाले, "विचार, त्या दिवशी सांगितलं का नाही?"

कान्नो-सान हळूहळू बोलले, मला नीट भाषांतर करता यावं म्हणून. "तुमच्याच कंपनीने मागितलेली वस्तू मी का घातली, असं तुम्ही विचारलंत. मला वाटलं, यांनाही जायचंय, पण फुकुशिमा हा शब्द तोंडातून काढवत नाहीये. निमित्त शोधताहेत. मग मीच हो म्हणून तुमचं काम सोपं केलं."

मी हे मराठीत सांगितलं. उल्हास-सान पांढरेफटक पडले.

"नाही, नाही. त्यांना सांग, तसं काही माझ्या मनातही नव्हतं. सांग, हा माणूस सगळ्यांवरच संशय घेतो. बायकोवरसुद्धा."

मी शब्दन् शब्द सांगितला. कान्नो-सान पहिल्यांदा हसले. "म्हणजे इतरांवर घेतात तसाच माझ्यावर घेतला? ऐकून फार बरं वाटलं."

उल्हास-सानने लगेच नवी ऑर्डर पुढे केली, पहिल्याहून मोठी. कान्नो-सानने ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि तितक्याच अदबीने परत केली. फार उपकार झाले म्हणाले, पण उशीर झाला. कामगार सेंदाईला मुलीकडे राहायला गेला, आणि धार लावायचं यंत्र वसंतातच विकून टाकलं. शेड आता बंदच असते.

आम्ही बसथांब्यावर येऊन उभे राहिलो. उल्हास-सान स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "यंत्र विकलं म्हणाले. विकलं असेल. कशाला खोटं बोलतील?" त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तेवढ्यात मागून, शेडच्या बाजूने, पोलादावर धारेचं चाक फिरल्याचा बारीक, सलग आवाज सुरू झाला.

आम्हा दोघांनाही तो ऐकू आला. एरवी या माणसाने उलट पावली जाऊन दार ठोठावलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"बस वेळेवर येते ना इथे?" त्यांनी विचारलं. आणि मी जे उत्तर दिलं, ते त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारून पाहिलं नाही.