वाईट हवेत फुलच बरी

मास्तरांचं तोंड त्या वेळी टाचण्यांनी भरलेलं नसतं, तर त्यांनी चार प्रश्न जास्त विचारले असते आणि डोंगर त्यांच्या आयुष्यात आलाच नसता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. एका उताराच्या रस्त्यावर, चष्मेवाल्याच्या आणि चाव्या बनवणाऱ्याच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमध्ये राहून गेलेली फट. तिला मास्तरांनी शटर लावलं होतं इतकंच. आत एक शिवणयंत्र, एक कापायचं टेबल, छताला टांगलेले कोट आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत मास्तर. ती जागा वर्षानुवर्षं तेवढीच राहिली होती. मास्तर राहिले नव्हते. दुसऱ्याच्या कमरेचं माप अर्ध्या बोटाने चुकलं तर त्यांना जेवण जात नसे, पण स्वतःच्या कमरेला टेप लावल्याला जमाना लोटला होता. त्यांच्या मते कंबर होती तिथेच होती आणि पँटी धुऊन धुऊन आटत होत्या.

एक दिवस एक काटकुळा माणूस रेनकोटाची चेन बदलायला आला. डोंगरावर एक मॅरेथॉन होणार होती, तिची तयारी हाच बघत होता. चेन बसेपर्यंत तो उभ्या उभ्या जागच्या जागी उड्या मारत होता आणि त्यामुळे टेबलावरची खडूची पूड मास्तरांच्या चहात उतरत होती.

"मास्तर, तुम्हीही या की! नाव घालू का?"

मॅरेथॉन म्हणजे मंडळी सकाळी टी-शर्ट घालून खिदळत निघतात, पहिल्या चौकात फोटो काढतात आणि केळं खाऊन घरी येतात, अशी मास्तरांची समजूत होती. गेल्या साली चष्मेवाला असाच एका मॅरेथॉनला जाऊन आला होता. त्याला फुकट टी-शर्ट मिळाला होता. शिलाई गचाळ, पण फुकट.

"घाला," मास्तर टाचण्यांच्या फटीतून म्हणाले.

"हाफ की फुल?"

आता शिंप्याला कुणी हाफ की फुल विचारलं, तर त्याने काय समजावं? मास्तरांनी धंद्याचा प्रश्न विचारला. "वर हवा कशी असते?"

"खरं सांगू? भयंकर. वारा, पाऊस, धुकं. कधी गारा."

"मग विचारता काय? फुल!"

माणसाच्या उड्या थांबल्या. "एवढ्या हवेत फुल?"

"वाईट हवेत तर फुलच बरी. हाफमध्ये काय राम आहे? सुरू होते न होते तोच संपते."

"याआधी केल्यात कधी?"

"फुल? अहो, या हातांखालून हजारो गेल्या."

माणसाची नजर मास्तरांच्या पोटावर येऊन अडली. "बघून वाटत नाही हो."

"पोटाचा काय संबंध? खांदा ते मनगट सरळ पाहिजे. बाकीचं आपोआप बसतं."

तो माणूस हे वाक्य मनात घोळवत, नव्या चेनीचा रेनकोट छातीशी धरून, देवळातून बाहेर पडावं तसा पाठ न दाखवता दुकानाबाहेर गेला. मास्तरांना त्याचं जरा नवलच वाटलं. पण गिऱ्हाइकं कशीही असतात.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन वाजला आणि पडद्यावर भिंगरीचं नाव आलं. मास्तरांच्या हातातली कात्री कापडावर पडली आणि एका भल्या माणसाच्या कोटाची कॉलर गेली.

भिंगरी म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. लहानपणापासून एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. दोन वर्षांपूर्वी तिने ऑफिसातली चांगली खुर्ची सोडली आणि डोंगरातल्या शर्यती पळायला लागली. त्यावर मास्तर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले होते, "पळून पळून शेवटी निघालो तिथेच यायचं. याला काय अक्कल लागते?" गिऱ्हाइकं हसली. भिंगरी हसली नाही. तिने दुसऱ्या गावात खोली घेतली आणि तेव्हापासून तिचा फोन आईला यायचा. मास्तर पेपर वाचत असल्याचं दाखवून कान तिकडे लावायचे. दोन वर्षं त्यांनी लेकीचं फक्त "हं," "अगं बाई," आणि "जेवलीस का?" एवढंच ऐकलं होतं, तेही बायकोच्या आवाजात.

"बाबा," फोनमधून आवाज आला. "मॅरेथॉनच्या यादीत तुमचं नाव बघितलं. खरंच? फुल?"

"हो," मास्तर म्हणाले. टी-शर्टाबद्दल लेकीने दोन वर्षांनी फोन करावा, याचा त्यांना अर्थ लागेना.

"मला वाटलं नव्हतं हो." तिचा आवाज भरून आला होता. "तुम्ही तोंडाने कधी माफी मागणार नाही, हे मला माहीत होतं. पण ही अशी मागाल... बाबा, आजपासून रोज संध्याकाळी फोन करते. तुम्हाला तयार करते मी."

फोन ठेवल्यावर मास्तर टेप गळ्यातून काढायलाही विसरले. मग उठून शेजारी गेले.

"फुल म्हणजे काय रे?"

चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. एवढं तो फक्त डोळे पूर्ण गेलेल्या गिऱ्हाइकासमोर करत असे. "बेचाळीस किलोमीटर."

"कशाचे?"

"पळण्याचे. डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, वळसा घालून परत."

"येताना गाडी असते ना?"

"येताना पण पळतच, मास्तर."

मास्तरांना चाव्यावाल्याच्या स्टुलावर बसवून पाणी पाजावं लागलं. चाव्यावाला म्हणाला, "अंगात काही घट्ट आहे का बघा, सैल करा." घट्ट सगळंच होतं.

घरी ही बातमी ऐकून मास्तरीणबाईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. "बेचाळीस? शटर वर करताना तुम्ही मध्ये एकदा विश्रांती घेता!"

"मी बाही समजलो गं!"

"मग सांगून टाका तिला."

"सांगतो. आजच सांगतो."

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, पळलात का आज?" मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. "हो तर," मास्तर म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत." आणि मग भिंगरी इतकं बोलली, श्वास कसा घ्यायचा, पाणी कधी प्यायचं, पहिल्या आठवड्यात पळायचं नाही नुसतं चालायचं, की मास्तरांनी पेपर उचललाही नाही.

"सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"तिने मध्ये बोलूच दिलं नाही."

"हं. हसत होती वाटतं पोरगी." आणि गॅसकडे वळून मास्तरीणबाईंनी नाक दोनदा पुसलं.

अशी तयारी सुरू झाली. खोटं कोपऱ्यापर्यंतचं होतं, म्हणून मास्तर दुसऱ्या दिवशी खरंच कोपऱ्यापर्यंत गेले. कोपरा इतका लांब असतो, हे त्यांना या वयात कळलं. परत आले तेव्हा दुकानासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं. ते म्हणालं, "मास्तर, कुणी मागे लागलं होतं का?"

मग रोज एक एक गोष्ट कळत गेली आणि प्रत्येक गोष्टीने मास्तरांना नवा धक्का दिला. मांडीच्या मागच्या बाजूला स्नायू असतो, आणि तो दुखतो. अख्खं गाव चढावर वसलेलं आहे. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे भिंगरीचा हुकूम: "बाबा, हवा वाईट असेल त्याच दिवशी बाहेर पडायचं. चांगल्या हवेतल्या पळण्याचा उपयोग नाही."

"म्हणजे पाऊस आला की?"

"निघायचं."

"आणि थांबला की?"

"घरी यायचं."

पावसात छत्री घेऊन पळणारा गावातला पहिला माणूस म्हणून लोक खिडक्यांतून मास्तरांना बघू लागले. एका झोताने छत्री उलटी झाली आणि पाठोपाठ मास्तर. दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्रावर बसून स्वतःसाठी जाकीट शिवलं: दुहेरी कापड, आत अस्तर, गळ्याशी पट्टा, पाठीवर पावसाचं पाणी ओघळून जायला पन्हळ. जाकीट फर्स्ट क्लास झालं. घालून आरशापुढे उभे राहिले, तेव्हा आतला माणूस मात्र मेंढीसारखा घाबरलेला दिसला.

"वजन उतरलंय हो तुमचं," मास्तरीणबाई टेप लावून म्हणाल्या. "चक्क दोन बोटं!"

"भीतीने उतरलंय."

रोज संध्याकाळी ते ठरवायचे, आज सांगायचं. रोज फोन वाजायचा आणि रोज ते नाकातून श्वास घेऊन तोंडातून सोडायचा कसा, यावर बोलत राहायचे. दोन महिने असे गेले. मास्तर आता चढावर पळू शकत होते, म्हणजे बघणाऱ्याने मन मोठं केलं तर त्याला पळणं म्हणता आलं असतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी स्वतःच आली. दारात दोन वर्षांनी लेक उभी बघून मास्तरांना सुचेना काय करावं. त्यांनी तिच्या जाकिटाची बाही धरून बघितली आणि म्हणाले, "शिवण उसवलीये इथे."

"माहितीये," ती म्हणाली. "चला. आज वरच्या खिंडीपर्यंत जायचं. हवा मस्त वाईट आहे."

हवा खरोखरच वाईट होती. पायथ्याला पाऊस होता, मधल्या टप्प्यावर वारा आला आणि वर धुकं इतकं दाट की मास्तरांना स्वतःचं पोट दिसेना. दोन महिन्यांत प्रथमच त्यांना ते दिसावंसं वाटलं. भिंगरी पुढे, शेळीसारखी दगडावरून दगडावर. मास्तर मागे, हात-पाय दोन्ही वापरून. मग गारा सुरू झाल्या. डोक्यावर कुणी बटणांची बरणी उपडी करावी तशा.

"इथे या!" एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तिने त्यांना ओढलं. दोघं भिंतीला चिकटल्यासारखे उभे राहिले. तिच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

"बाबा, एक सांगू? मॅरेथॉनच्या दिवशी मी तुमच्याबरोबरच पळणार आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"म्हणजे? तू तर पुढे पळणार ना? त्या पहिल्या दहात?"

या मॅरेथॉनमधल्या पहिल्या दहांना परदेशातल्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होते, हे मास्तरांनी बायकोच्या "हं" आणि "अगं बाई"मधून कधीच जोडून काढलं होतं. दोन वर्षं ती त्याचसाठी खपत होती.

"ते राहू दे. पुढच्या साली बघू. तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय, मग मी तुम्हाला या हवेत एकटं सोडून पुढे जाऊ?"

गारा, वारा, बेचाळीस किलोमीटर, सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. आपण गप्प राहिलो की लेक आपल्याजवळ राहते, आणि तिची शर्यत जाते. बोललो की... पुढचं त्यांना दिसेना. धुकंच होतं.

"भिंगरे," ते म्हणाले, "मला बाही वाटली."

"काय?" वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही.

"बाही!" मास्तर ओरडले आणि आपली बाही धरून हलवली. "तो म्हणाला हाफ की फुल! मी म्हटलं वर गारठा असेल, तर फुल! मला काय माहीत बेचाळीस किलोमीटर? तुझी माफीबिफी मागायला नाव दिलं नव्हतं मी! फुकटचा टी-शर्ट घ्यायला दिलं होतं!"

भिंगरीचं तोंड उघडं राहिलं. एक गार सरळ आत गेली, तरी तिने मिटलं नाही.

"तेव्हा तू पुढे पळायचं," मास्तर भराभर म्हणाले, थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही म्हणून. "तुझी जागा सोडायची नाही. आणि ते दुकानात बोललो, ते वाईट बोललो. लोक हसावेत म्हणून बोललो. आता मी रोज निघालो तिथेच परत येतोय आणि मला कळतंय त्याला काय लागतं. ही माफी. ही खरी. ती बाहीची होती."

भिंगरी बापाकडे अशी बघत होती, जणू त्यांनी खिशातून दुसरा डोंगर काढून दाखवला. मग ती वळली आणि उतरायला लागली.

संपलं, असं मास्तरांना वाटलं. आता पुन्हा पेपर, पुन्हा बायकोचे "हं." ते खाली मान घालून मागून निघाले. पहिल्या वळणापर्यंत तिची पाठ तशीच ताठ होती. दुसऱ्या वळणावर आवाज फुटला.

"बाही!"

मास्तर दचकले.

"दोन महिने! दोन महिने मी तुम्हाला श्वास शिकवतेय! सगळ्या गावाला सांगितलं मी! माझ्याबरोबर पळणाऱ्या पोरींना सांगितलं, माझे बाबा बघा! रडले मी त्या दिवशी फोन ठेवल्यावर, माहितीये? एका टी-शर्टावर रडले!"

"हो," मास्तर म्हणाले.

"हो काय हो? आणि आईला माहीत होतं? अर्थातच माहीत होतं! आणि तुम्ही या पोटाने, या वयात, खोटं निभवायला गारांत डोंगर चढलात? पडून मोडला असतात तर? अक्कल कुठे गहाण टाकलीत?" ती बोलत होती आणि उतरत होती, वाऱ्याच्या वर आवाज चढवून. तिच्या पायाखालचे दगडही घाबरून बाजूला होत होते. "मी माझी पुढेच पळणार आहे, सांगून ठेवते! तुमच्यासाठी एक पाऊल थांबणार नाही! तुम्ही मागून यायचं, जमेल तिथपर्यंत, आणि हवा बिघडली तर मुकाट्याने वाटेतल्या पहिल्या मदतीच्या तंबूत शिरायचं! कळलं?"

"कळलं."

"आणि टाच काय टेकताय? उतारावर टाच टेकायची नाही, हजारदा सांगितलं! पाऊल आडवं! गुडघे सैल!"

मास्तरांनी पाऊल आडवं केलं. दोन वर्षांत इतकं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. ऐकताना त्यांना गारा लागेनाशा झाल्या होत्या. त्या आनंदात त्यांनी गुडघे जरा जास्तच सैल सोडले आणि धप्पकन चिखलात बसले.

भिंगरी परत वर आली, दोन्ही हातांनी धरून तिने त्यांना उभं केलं, जाकिटाचा चिखल झटकला आणि कमरेवर हात ठेवून पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली.