भिंतीवरची सवत

२० फेब्रुवारी १९४६. तुरीची डाळ अंगणात वाळत घातली आहे आणि पाखरं हाकलता हाकलता मी हे लिहिते आहे. धाकली गेल्या महिन्यात गेली. माणसांशी ती फारशी बोलत नसे. ती बोलायची सवतीशी, आणि सवत भिंतीवर होती.

धाकली म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. सवत म्हणजे माझी आई, जी माझ्या जन्माच्या वेळीच गेली. आईचं लग्न नवं असताना, शिरपूरच्या देवळात रंगकामाला आलेल्या एका चिताऱ्याकडून वडिलांनी तिचं चित्र काढून घेतलं होतं. हिरवं लुगडं, हात मांडीवर, नजर किंचित खाली. कोणी हाक मारावी आणि तिने अजून ओ दिलेली नसावी, असा चेहरा.

वडिलांच्या आत्याबाई आमच्याकडेच असत. त्या या चेहऱ्याला घाबरत. "रुसून बसली हाय ते. नव्या सवतीवर डोया हाय तिचा."

"रुसली नाय," धाकली पीठ मळता मळता म्हणायची. "कुणब्याच्या सुनेले दिवसाउजेडी बसाले कवा भेटते? त्या चिताऱ्यापायी भेटलं. इसावा घेऊन राह्यली ते." मला हे तेव्हा पटलं. अजून पटतं.

रोज सकाळी कोरड्या फडक्याने चित्र पुसताना ती माझ्या तक्रारी सांगे. "बाई, तुह्या पोरीनं आजबी भाकर करपवली. तुह्यावर गेली का बापावर?" मग जरा थांबे आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून मला म्हणे, "बापावर म्हणते."

धाकलीची पहिली दोन मुलं जगली नाहीत. तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा आत्याबाईंनी वडिलांना बजावलं, चित्र नदीत सोडून ये. वडील तयार झाले. मी आठ वर्षांची होते. आईचा दुसरा चेहरा माझ्यापाशी नव्हता. मी चित्राखाली जाऊन बसले ती उठेना.

धाकली आली, पोट सावरत पाटावर चढली आणि चित्र खुंटीवरून काढलं. मला वाटलं, संपलं. तिने ते बाळंतिणीच्या खोलीत नेऊन टांगलं.

"पागल झाली का वं?" आत्याबाई ओरडल्या.

"तिच्या घरात मी आली, आत्याबाई. ते माह्या घरात नाय आली. आन् या पोरीनं मायचं तोंड पाहाव तं कुठं पाहाव?"

माझा भाऊ अण्णा त्याच खोलीत जन्मला आणि जगला. लोक म्हणाले, चित्राची कृपा. मी म्हणते, सुईण हुशार होती. पण ते चित्र टांगताना अण्णा जगणार हे धाकलीला ठाऊक नव्हतं. तरी तिने टांगलं. मी पाहिलं.

पुढे मी शेलूबाजारला नांदायला निघाले. आदल्या दिवशी तिने चित्र उतरवलं, आपल्या एकुलत्या चांगल्या लुगड्यात गुंडाळलं आणि वर दोरी आवळली. "तुही माय हाय. घेऊन जाय." मी बरं म्हटलं. संध्याकाळभर ती रिकाम्या भिंतीकडे पाठ करून ज्वारी निवडत बसली.

सकाळी गाडी जुंपल्यावर मी दोरी सोडली आणि चित्र परत भिंतीला लावलं. लुगड्याची घडी करून धाकलीच्या हातात दिली.

"काहून वं?"

"गाडीत जागा नाय," मी म्हणाले आणि रिकाम्या गाडीत चढून बसले.