निवळलेलं पाणी

बपेऱ्याकडच्या मंगरूला जमिनीची भारी हाव. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं नाल्याकाठची बांबूची बेटं मुळासकट खणून काढली आणि धानाची बांधी, म्हणजे खाचर, थेट काठाला नेऊन भिडवली. बायको म्हणाली, "काठ उघडा पडला ना जी." मंगरू हसला. वर्षभराचं शेणखतही तो तिथंच रचू लागला, म्हणजे गाडी जुंपायची कटकट नको. एवढा हुशार माणूस पंचक्रोशीत नव्हता, निदान त्याच्या मते तरी.

बांधीतलं पाणी काठात मुरत राहिलं आणि दर पावसाळ्यात काठ थोडा थोडा ढासळत गेला. त्र्याऐंशीच्या भादव्यात एका सकाळी तो शेतावर गेला, तर अर्धी बांधी आणि खताचा अख्खा ढीग नाल्यात! काळपट गढूळ पाणी शेणाचा फेस घेऊन खाली चाललं होतं. धानाचं दुःख करायचंही त्याला सुचलं नाही. खालच्या गावात त्याची लेक तुळसा नांदत होती. तिथली विहीर खारी, त्यामुळे अख्खं गाव नाल्याचंच पाणी पीत असे, आणि गेल्या साली तिथं हगवणीनं लेकरं दगावली होती. चपला न घालताच तो काठाकाठानं पळत सुटला.

"बसा बाबा," म्हणत तुळसानं रीतीप्रमाणे आधी पाण्याचा गडू पुढं केला. पाणी इतकं स्वच्छ की गडूचा तळ दिसावा. मंगरूचा जीव भांड्यात पडला.

"विहिरीचं काय हे, माय?"

"ते खारं कोन पेते, बाबा? नाल्याचंच होय. आज लयच गढूळ होतं, मंग घागरीत निवळीचं बी घासलं. सारा गाळ खाली बसला."

मंगरूनं गडू खाली ठेवला. "गाळ बसते वो. शेन कुठं जाते? माहा खताचा ढीग वाहून आला त्याच्यात!"

तुळसानं दाराबाहेर लेकीकडं पाहिलं. "बेबीनं सकायपासून हेच पेलं, बाबा."

अंगणात खेळणाऱ्या चार वर्षांच्या नातीला मंगरूनं उचलून मांडीवर घेतलं. तिच्या पोटावर हात ठेवून तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "दुखते का, माय?" ती नाही म्हणायची, पण त्याचा काही विश्वास बसेना.